एकदा समोरून

माझ्या बुलिकने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, एक्केचाळीस नाटकं केली आणि त्यातलं एकही समोरून पाहिलं नाही.

हे सांगितलं की लोकांना वाटतं, आजारपणामुळे. तसं नाही. ती धडधाकट होती तेव्हाही तिची जागा पडद्यामागेच होती. केतोप्राक म्हणजे आमच्याकडचं गावोगाव फिरणारं लोकनाटक. ते कुणी लिहून देत नाही आणि कुणी पाठही करत नाही. खेळाच्या आधी दोन तास सगळे नट मागे चटईवर बसतात. कुणी भुवया रंगवतंय, कुणी केळीच्या पानातला भात संपवतंय, आणि नाटकवाली मध्ये बसून त्यांना गोष्ट ओतते. ओतते, असंच म्हणतात. आधी कोण येतो, कुणाच्या मनात काय आहे, कोण खोटं बोलतोय आणि ते कुणाकुणाला ठाऊक आहे. शब्द ज्याचे त्याने स्टेजवर काढायचे. ओतून झालं की नाटकवाली पडद्याच्या फटीशी जाऊन बसते, लाकडी ठोकळ्यावर टक टक करत एकेकाला आत सोडते, गोष्ट लांबायला लागली की आवरते. चार तास तिला दिसतात त्या नटांच्या पाठी आणि घामाने भिजलेले कमरपट्टे.

बुलिक यातुन सतराव्या वर्षी त्या फटीशी बसली. तिचे वडील मंडळीत घंटा वाजवायचे, जुन्या ओतणाऱ्याचा आवाज बसला, आणि ही पोर त्याच्या गोष्टी त्याच्याहून बऱ्या सांगते हे सगळ्यांना ठाऊक होतं. सव्विसाव्या वर्षी एका सकाळी उठली तर बोटं उकडलेल्या कंदासारखी सुजलेली. मग मनगटं गेली, मग गुडघे, मग मान. दवाखान्यातल्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला तेव्हा म्हणाली, “चला, इतक्या वर्षांत एक तरी भूमिका मिळाली. पुनवेचा चंद्र.” पस्तिसाव्या वर्षी मंडळीच्या ट्रकची फळी चढणं संपलं, आणि ती घरी राहिली.

नाटकं थांबली नाहीत. ती खाटेवर पडून मला ओतायची. मी सोळा वर्षांची होते. मी ट्रकमध्ये बसून गावोगाव जायचे, चटईवर बसून नटांना ओतायचे आणि घरी येऊन तिला सगळं सांगायचे. ती मात्र भलतंच विचारायची.

“लोक कुठे हसले?”

“बरेचदा हसले.”

“कुठे? आणि शेंगा खायच्या कधी थांबले?”

“बुलिक, मी फटीशी बसले होते. मला लोक कुठे दिसतात?”

“हो की,” ती म्हणायची. “तूही मागेच.” आणि भिंतीकडे तोंड करायची, मानेने परवानगी दिली तर.

अकरा वर्षं असं चाललं. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगा झाला, दामार. पण तिचा तो प्रश्न तसाच राहिला. तिला आपलं एक नाटक पहिल्या टकटकीपासून शेवटच्या घंटेपर्यंत, मैदानात बसून, शेंगा खात, इतर बायकांसारखं पाहायचं होतं. तिने हे कधी मागितलं नाही. पण माझ्या आजोबांना मक्केची आस होती ना, तशी ही तिला होती.

यंदा भूमातेच्या सणाला आमच्याच गावाने मंडळीला बोलावलं. दुपारचा खेळ, शाळेच्या मैदानावर. शाळा आमच्या दारातून दिसते, मध्ये फक्त दोन मिठागरं. मंडळीचा म्होरक्या कांग तारमुजी स्वतः सांगायला आला. कांग म्हणजे दादा, तसं म्बाक म्हणजे ताई.

“म्बाक यातुन, या वेळी तुमची खुर्ची समोर. पहिल्या रांगेत, गावप्रमुखाच्या शेजारी.”

“त्याच्या शेजारी नको. तो पहिल्याच प्रवेशात घोरतो. बायकांत ठेव, शेंगावालीच्या जवळ.”

“आणि ओतायचं?”

“वेनिंग ओतेल,” बुलिक माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली. “इतकी वर्षं ओततेच आहे.”

त्या दिवसासाठी तिने तीन आठवडे अंग राखून ठेवलं. स्वतःच्या हाताने वेणी घालायचा हट्ट सोडला. कुणाला भेटायला येऊ दिलं नाही, बोलण्यानेही ताकद जाते म्हणून. तिच्या अंगात एका दिवशी एकाच मोठ्या कामापुरता जीव असतो. न्हाणं असेल तर न्हाणं, दवाखाना असेल तर दवाखाना. दुसरं काम केलं तर ताप भरतो आणि मग पंधरा-वीस दिवस खाट. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. सणाच्या दिवशीचं काम ठरलेलं होतं, चार तास बसून बघणं.

नाटक नवं होतं. एका बंदराच्या तोंडाशी लोखंडी साखळी असते. ती वर ओढली की कुठलंही जहाज आत येऊ शकत नाही. साखळीच्या राखणदाराची बायको किनाऱ्यावर एकटी आहे, नवरा समुद्रावर गेलेला. एके दिवशी त्याची होडी परत येताना दिसते, आणि तिच्या मागे लागलेली शत्रूची जहाजं. साखळी खाली ठेवली तर सगळेच आत येणार. ती साखळी ओढते. नवरा बाहेरून हाका मारतो. एवढंच नाटक, पण ते चार तास चालतं.

चूक माझी झाली. बुलिक मला ओतायची तेव्हा पात्रांची बोलणीसुद्धा बोलून दाखवायची, डोळे मिटून, पुटपुटत. एवढी सुंदर वाक्यं, आणि ती कुणी कधी ऐकली नाहीत. स्टेजवर नट आपलंच काहीतरी बोलतात. मला फार वाटायचं. आता ती समोर बसणार, तर निदान या एका खेळात तिला तिचीच वाक्यं ऐकू यावीत. दामार झोपला की मी वही काढायचे. शेवटच्या प्रवेशात बायकोच्या तोंडी तर बावीस ओळी भरल्या. सगळी वही मी शाळेजवळच्या दुकानात झेरॉक्स करून घेतली, प्रत्येक नटाला त्याचे त्याचे कागद, वर त्याचं नाव. बुलिकला यातलं काही सांगितलं नाही.

सणाच्या दिवशी सकाळी दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून मैदानात नेलं. निळा झगा, डोक्याला नवी ओढणी, मांडीवर शेंगांची पुडी. पाय पुढे सरळ ठेवलेले, ते वाकत नाहीत म्हणून. लोक अजून यायचे होते. “तू जा, ओत,” ती म्हणाली. “मला नुसतं बसू दे.”

मी मागे गेले, दामारला झोळीत बांधून, आणि कागद वाटले.

“काय गं वेनिंग,” जेम्ब्लुक म्हणाला. तो आमचा विदूषक, पोट माठासारखं. “शाळेचं मैदान बघून परीक्षा घ्यायची हुक्की आली का?”

“ही बुलिकची वाक्यं आहेत,” मी म्हटलं. “तिची स्वतःची. ती समोर बसलीय. तिला एकदा ऐकवूया.”

जेम्ब्लुकने कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग कांग तारमुजी म्हणाला, “हो, हो. छान आहे.” त्याच्या पाठोपाठ सगळेच म्हणाले, छान आहे. आमच्या लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. आमच्यात वाढलेलं लहान पोरही ओळखतं, कुठला होकार खरा आणि कुठला शरमेचा. मी ओळखला नाही. मला तो खरा हवा होता.

ते पाठ करायला बसले. सेनापतीचं काम करणारा पोक्त माणूस ओळीखालून बोट फिरवत होता आणि ओठ हलवत होता. राजाचा चष्मा घरी राहिला होता, त्याला त्याची बायको वाचून दाखवत होती. राखणदाराच्या बायकोचं मुख्य काम करणारी गियार्ती, पन्नाशीची, आमची सगळ्यात चांगली नटी, बावीस ओळींवर अडकली होती. चौथी ओळ आली की दुसरी जायची. तिने डोळ्यांत काजळ घातलं होतं ते गालांवर उतरायला लागलं.

“म्बाक गियार्ती, सगळं नाही आलं तरी चालेल.”

“कसं चालेल? तुझ्या बुलिकचे शब्द आहेत. मी खाल्ले तर पाप लागेल.” तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “वेनिंग, मला एक सांग. ही साखळी ओढते तेव्हा हिला नवऱ्याचा राग असतो का?”

माझा नवरा रोज संध्याकाळी मासळीचा वास घेऊन घरी येतो. मला काय ठाऊक? मी म्हटलं, “कागदात आहे बघ, सहाव्या ओळीत.” ती मुकाट्याने सहावी ओळ शोधायला लागली.

नेहमी ओतताना मागे बाजार भरलेला असतो. हसणं, शिव्या, मध्येच कुणीतरी गाऊन दाखवतं. त्या दिवशी कागदांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. दामारसुद्धा गप्प होता.

ती शांतता पडद्यापलीकडे बुलिकने ऐकली. पडदा हलला आणि दोघे जण तिची खुर्ची उचलून मागे घेऊन आले.

“कोण मेलं?” ती म्हणाली.

सगळे उठून उभे राहिले, कागद पाठीमागे लपवत, वर्गात पकडल्यासारखे. जेम्ब्लुकने मात्र आपला कागद दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. तिला कागद हातात नीट धरवत नाही. तिने मान पुढे करून वाचलं. बराच वेळ वाचलं.

“अक्षर तुझं आहे.”

“वाक्यं तुझी आहेत, बुलिक.”

“माझी कुठली? ती तुला कळावं म्हणून बोलले मी. बाळाला दोन वर्षं सांभाळून नेतात, म्हणून ते मोठेपणी कुणी कडेवर घेऊन फिरतं का?” मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. “बर्फ ओतता येतो का, पोरी?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. झोळीखाली माझा झगा दुधाने ओला झाला होता, आणि हातात उरलेल्या कागदांवर ते उतरत होतं.

“तू समोर जा,” मी म्हटलं. “मी तोंडी ओतते. कागद गोळा करते. अजून तास आहे.”

“हो, म्बाक, तुम्ही जा,” तारमुजी म्हणाला. “आम्ही भागवून नेऊ.”

बुलिकने गियार्तीकडे बघितलं. गालांवरचं काजळ, उलटसुलट होणारा कागद. गियार्तीने विचारलं नसतं तर कदाचित ती समोर गेली असती. पण गियार्तीने विचारलं.

“म्बाक यातुन, ही साखळी ओढते तेव्हा हिला राग असतो का त्याचा?”

पडद्यापलीकडे लोक यायला लागले होते, चटया झटकल्याचे आवाज येत होते, बायका जागेवरून भांडत होत्या. ‘सरक गं, तुझ्या बापाचं मैदान आहे का?’ बुलिकने कान तिकडे दिला. तिला त्या भांडणात बसायचं होतं. तीन आठवडे तिने स्वतःचे केसही विंचरले नव्हते, ते याच्यासाठी. मला वाटलं, नाही म्हणेल. मला वाटलं, म्हणावं.

“चटई द्या,” ती म्हणाली. “आणि मला खाली बसवा. खुर्चीतून ओतता येत नाही.”

आम्ही तिला खाली बसवलं, पाठीला कपड्यांची गाठोडी लावली. तिने दुपारची गोळी तेव्हाच मागून घेतली. आणि मग ओतायला लागली.

मी अकरा वर्षं ओतत होते. मला वाटायचं, मला येतं. मी गोष्ट सांगायचे. ती गोष्ट नाही सांगत, ती माणसं बघते. सेनापतीला म्हणाली, “तुझी कंबर दुखतेय ना? मग हा सेनापती म्हातारा आहे, त्याला लढाई नकोय, पण राजापुढे बोलता येत नाही. उठताना कण्ह, लपवू नकोस.” जेम्ब्लुकला म्हणाली, “तू बंदरावरचा चहावाला. युद्ध आलं तरी तुला उधारीची काळजी.” जेम्ब्लुक म्हणाला, “ते काम मला न ओतताही येतं, म्बाक.” सगळे हसले. बाजार पुन्हा भरला. कुणीतरी गायला लागलं.

गियार्तीला तिने शेवटी ठेवलं. गियार्तीचा नवरा मलेशियात पामच्या मळ्यावर गेला त्याला नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं फोन आले. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. पण कागद लिहिताना मला ते आठवलं नव्हतं.

“राग असतो का, ते मला नाही माहीत,” बुलिक तिला म्हणाली. “तो हाक मारतो. तुझा हात साखळीवर आहे. सोडू नकोस. बोलायची घाई करू नकोस. लोक थांबतील.”

“आणि मग काय बोलू?”

“येईल ते.”

“नाही आलं तर?”

“तर नाही.”

दुपारची अजान होईपर्यंत तास संपला. बुलिकचे ओठ पांढरे पडले होते. मी हात लावला तर कपाळ तव्यासारखं. खुर्चीत बसवायला गेलो तर मान धरवेना. “समोर,” ती एकदा म्हणाली, आणि नंतर स्वतःच, “नको.” आम्ही तिला शाळेच्या वर्गात नेऊन चटईवर निजवलं. खिडकी उंच होती, त्यातून फक्त आकाश आणि कर्ण्याचा खांब दिसत होता.

मी तिच्याजवळ बसले.

“तू इथे काय करतेस? जा. माझ्या जागेवर बस.”

“ठोकळा कोण वाजवणार?”

“तारमुजी वाजवेल. त्याला येतो, आळस करतो म्हणून सांगत नाही. दामारला घेऊन जा. तो जिथे रडेल तिथे नाटक कंटाळवाणं आहे असं समज.” तिचे दात वाजत होते. मी माझी ओढणी तिच्या अंगावर घातली. “आणि वेनिंग, स्टेजकडे बघू नकोस. स्टेज मला ठाऊक आहे.”

मी गेले. खुर्ची कुणीतरी परत पहिल्या जागी नेऊन ठेवली होती, शेंगावालीच्या टोपलीला टेकून. मी ती लोकांकडे तिरकी केली आणि बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी समोर होते, आणि स्टेजकडे पाठ करून.

किती माणसं होती! मला वाटायचं, लोक म्हणजे एक आवाज. ती एकेक माणसं होती. गावप्रमुख खरंच पहिल्या प्रवेशात झोपला. सेनापती कण्हत उठला तेव्हा मागच्या रांगेतला एक मिठागरवाला म्हातारा आपल्या कमरेवर हात ठेवून शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला. जेम्ब्लुकच्या चहावाल्याला बायका इतक्या हसल्या की एकीच्या तोंडातून शेंगा उडाल्या. दामार एकदाच रडला, राजाच्या भाषणाला. मी लक्षात ठेवलं.

ऊन कलल्यावर शेवटचा प्रवेश आला. कर्ण्यातून नवऱ्याची हाक ऐकू आली. एकदा. दोनदा. गियार्ती बोलत नव्हती. मला पाठीमागे नुसती साखळीची किणकिण ऐकू येत होती. पुढच्या रांगेतली एक पोरगी आईला विचारत होती, “विसरली का गं ती?” आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिसरी हाक आली. मग गियार्तीचा आवाज आला, साधा, दारातून बोलावं तसा.

“जेवण झाकून ठेवलंय.”

शेंगावाली माझ्या शेजारीच होती. ती कागदाचा शंकू वळत होती. तिचा हात तिथेच थांबला. गिऱ्हाईक हात पुढे करून उभं होतं, त्यालाही भान नव्हतं. मैदानावर कुणी काही चावत नव्हतं.

मी वर्गात गेले तेव्हा बुलिक डोळे उघडे ठेवून पडली होती. ताप उतरला नव्हता, पण कर्ण्यातून तिने सगळं ऐकलं होतं.

“ते तिला कुणी सांगितलं?” तिने विचारलं.

“कुणी नाही.”

“तुझ्या कागदात काय होतं तिथे?”

“बावीस ओळी.”

ती हसली. हसताना जबडा दुखतो तिचा, तरी हसली. मी म्हटलं, “बुलिक, माझ्यामुळे तुझी जागा गेली.”

“गेली,” ती म्हणाली. खोटं बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “बस इथे. सांग. पहिल्यांदा कोण हसलं?”

मी सांगितलं. ती प्रत्येकाबद्दल विचारत राहिली. कमरेवर हात ठेवणाऱ्या म्हाताऱ्याने डावा ठेवला की उजवा. पोरीच्या तोंडावर हात ठेवणारी आई रडत होती की नुसती बघत होती. शेंगावालीचा हात किती वेळ थांबला. “मोजून दाखव,” म्हणाली. मी गप्प बसून तेवढा वेळ दाखवला. तिने डोळे मिटून घेतले, आणि मला दिसलं की ती ते बघतेय, आणि हेही दिसलं की तेवढ्याने तिचं भागत नाहीये.

बावीस दिवस ती खाटेवर होती. तेविसाव्या दिवशी मी सकाळी पेज घेऊन गेले तर म्हणाली, “नवं नाटक घेतलंय. एक तासाचं.”

“एक तासाचं केतोप्राक कोण बोलावील?”

“बोलावतील. नाही तर मी बोलावीन. ओतायला दहा मिनिटं लागतील, मग समोर बसायला जीव उरेल. चार माणसं फक्त. एक बाप, दोन भाऊ, एक होडी.”

“होडी माणूस नाही.”

“म्हणून तर. तिला ओतावं लागत नाही.”

तेव्हापासून ती मला तुकड्या-तुकड्याने सांगते, मी दामारला मांडीवर घेऊन पाजत असताना. दुसऱ्या प्रवेशात थोरल्या भावाला बायको सुचली. तिला घरात बोलायला कुणी नाही म्हणून मग सासू आली. सासू आली तशी तिची जुनी भांडणं आली, शेजारीण आली. काल मी हिशेब केला तर साडेतीन तास झाले होते.

“बुलिक, हे एका तासात होणार नाही.”

तिची सुजलेली बोटं पांघरुणावर हळूहळू उघडत-मिटत होती, सकाळी तिला तेवढंच जमतं. “पुढच्या सणालाही खेळ शाळेच्याच मैदानावर ना?”

“तिथेच असेल.”

“मग सून काढून टाक.”

मी काढली. सासू, शेजारीण, सगळीच काढली. पुन्हा एक बाप, दोन भाऊ, एक होडी. आज सकाळी पेज घेऊन गेले, तर सून परत आली होती, कडेवर मूल घेऊन.